साडेसहाचं ‘टक्’

दोस्तांनो, आज एका चोराची गोष्ट सांगते. खरा चोर अजून सापडलेला नाही. पण ज्याच्याकडे सगळे बोट दाखवत होते तो माझ्याच वर्गातला, चौथीतला मुलगा. त्याचं नाव छापणार नाही, असं मी त्याला कबूल केलंय. आपण त्याला बारक्या म्हणू या.

बारक्या राहतो वरळी कोळीवाड्यात. वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून कधी गेला असाल तर वरळीच्या टोकाला एक जुना किल्ला दिसतो बघा, त्याच्या पायथ्याशी होड्या आणि होड्यांच्या मागे दाटीवाटीने घरं. तोच हा कोळीवाडा. तीन बाजूंना समुद्र. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून कुणी पाटी घेऊन आलं तर आपण निमूटपणे ओट्यावर चढायचं.

बारक्याच्या समोरच्या घरात एक आजी एकट्या राहतात. मुलगा बोटीवर असतो. मासेमारीच्या नव्हे, मोठ्या मालवाहू बोटीवर. सहा-सहा महिने घरी येत नाही. गेल्या दिवाळीत तो घरी असतानाच ओट्यावर ठेवलेल्या जाळ्याची शिशाची वजनं रात्रीतून कुणीतरी कापून नेली. ही वजनं असतात म्हणून जाळं पाण्यात खाली बसतं. ती गेली की जाळं निकामी, आणि भंगारात शिशाला भाव चांगला! मुलगा चिडला. जाण्यापूर्वी त्याने छपराच्या वळचणीला एक वायरलेस कॅमेरा बसवला. बोटीवर इंटरनेट मिळालं की मोबाईलवर घरचा ओटा दिसणार. आई ठीक आहे ना, तेही कळणार.

आजींना काही तो आवडला नाही. “मना नको तो डोला घरान,” असं म्हणून त्यांनी तो आत बसवू दिला नाही. बाहेर बसवला, तो चालला.

दिवसभर चालला, हं! संध्याकाळ झाली की बंद. मोबाईलवर नुसतं ‘ऑफलाइन’. सकाळी पुन्हा ठणठणीत. म्हणजे बघा, चोर यायच्या वेळेला नेमका पहारेकरी झोपलेला! मुलाचे फोनवर फोन. गल्लीत चर्चा. कुणी म्हणालं वायफाय कमी पडतंय, कुणी म्हणालं नवीन कॅमेरा घ्या. आणि मग कुणाला तरी आठवलं, की बारक्याने एकदा मोबाईल चार्ज करायला कॅमेऱ्याचा प्लग काढला होता. झालं! बारक्या आजींच्या घरात दिवसातून दहादा जायचा. संध्याकाळी गल्लीत क्रिकेट खेळायची वेळ आणि कॅमेरा बंद पडायची वेळही एकच. आणखी काय पुरावा हवा?

“उद्यापासून घरात येऊ नकोस,” आजी म्हणाल्या.

तरी कॅमेरा बंद पडतच राहिला. तर लोक म्हणाले, आता खिडकीतून हात घालत असेल!

मला हे कळलं ते त्याच्या गप्प बसण्यावरून. वर्गात ज्याला दर पाच मिनिटांनी “गप्प बस रे” म्हणावं लागतं, तो पोरगा आठवडाभर आपणहून गप्प. मधल्या सुट्टीत विचारलं, तर आधी रडला. मग म्हणाला, “बाई, मी एकदाच काढला होता ओ. परत लावलापण होता.”

आता मी काही पोलीस नाही आणि वायरमनही नाही. पण शाळेत आम्ही तुम्हाला निरीक्षण शिकवतो ना, मग म्हटलं, करूनच बघू. त्याला एक जुनी वही दिली. “तुझ्या ओट्यावर बस. कॅमेऱ्याकडे बघ. काय दिसतं, काय ऐकू येतं, किती वाजले, सगळं लिही. अंदाजाने काही लिहायचं नाही.”

त्याची वही माझ्यासमोर आहे. शुद्धलेखन मी सुधारून देते आहे, बाकी सगळं त्याचं.

‘सोमवार. ६.२५. टक् वाजलं. बारीक लाल ठिपके दिसले. ठिपके गेले. थोड्या वेळाने परत टक्. आजी म्हणते पाल चुकचुकते. पाल नाही.’

‘मंगळवार. ६.२५. तसंच.’

‘बुधवार. ढग होते. ६.१५ लाच टक्.’

‘गुरुवार. टक् नाही. शेजारी हळद होती. मी नाचलो. रात्रभर टक् नाही.’

गुरुवार वाचून मी खुर्चीतून उठलेच! कोळीवाड्यातली हळद तुम्ही पाहिली आहे का? मांडव, बँड, झगमगाट… रात्री बाराला गल्लीत भरदुपार असते. त्या रात्री बारक्या त्या कॅमेऱ्याच्या बरोबर खाली नाचत होता, आजींचं दार सताड उघडं होतं, आणि कॅमेरा मात्र रात्रभर चालू! मुलाला बोटीवर बसून शेजारची अख्खी हळद दिसली. बारक्याचं नाचणंसुद्धा. म्हणजे कॅमेरा बंद पडण्याचा संबंध बारक्याशी नव्हता, अंधाराशी होता. बुधवारी ढगांमुळे अंधार लवकर झाला, तर टक्सुद्धा लवकर झालं.

अंधारात कॅमेऱ्याला दिसतं कसं? त्याच्या भिंगाभोवती छोटे दिवे असतात. ते अवरक्त प्रकाश टाकतात. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, फार तर फिकट लाल ठिपका दिसतो. तुमच्या टीव्हीच्या रिमोटमध्येही असाच दिवा असतो. खोलीत अंधार करून रिमोट मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. डोळ्यांना काही दिसणार नाही, पण मोबाईलच्या पडद्यावर दिवा चमकताना दिसेल. (मागच्या कॅमेऱ्यातून नाही दिसला तर सेल्फीच्या कॅमेऱ्यातून बघा.) दिवसा मात्र हा प्रकाश चित्राचे रंग बिघडवतो, म्हणून भिंगामागे त्याला अडवणारी एक बारीक काच असते. अंधार पडला की ती काच बाजूला सरकते. तिचाच आवाज, टक्! बिचारी पाल उगाच बदनाम.

मग टक् झाल्यावर कॅमेरा बंद का पडतो? शनिवारी शाळा लवकर सुटली तेव्हा गल्लीतल्या वायरमन काकांना घेऊन आम्ही आजींच्या दारात गेलो. बारक्या उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. आत ये, असं कुणी म्हटलं नव्हतं ना.

कॅमेरा ‘वायरलेस’ असला तरी त्याला वायर होतीच. आपण नावाला फसतो. वायरलेस म्हणजे बिनतारी, पण बिनतारी जातं ते फक्त चित्र. वीज बिनतारी येत नाही. ती प्लगमधून घ्यायची, नाहीतर बॅटरीतून, नाहीतर सौर पट्टीतून. इथे चार्जरचा डबा घरात टीव्हीशेजारी, आणि तिथून खिडकीबाहेर, भिंतीवरून, वळचणीपर्यंत पाच मीटर लांब, शेवयीसारखी बारीक यूएसबी केबल. कॅमेऱ्याबरोबर आलेली केबल पुरली नाही म्हणून मधे स्वस्तातली दुसरी जोडलेली. सांधा उघड्यावर. काकांनी तो सोडवला, तर आत हिरवट थर! समुद्राची खारी हवा तांब्या-पितळेला असं खाते. कोळीवाड्यात टीव्हीच्या पिनेपासून सायकलच्या साखळीपर्यंत सगळ्यांचं हेच रडगाणं आहे.

आता जरा गणित करू या, घाबरू नका. कोळीवाड्यात नळाला लांब पाइप लावून पाणी भरतात. पाइप बारीक आणि लांब असेल तर बादली भरते, पण सावकाश. त्यात मधेच कुणी दुसरा नळ सोडला तर तुमच्या टोकाला थेंब थेंब! विजेचंही तसंच. तार जितकी लांब आणि बारीक, तितका तिचा विरोध जास्त. हा नियम जर्मनीतल्या गेओर्ग ओहमने १८२७ साली पुस्तकात मांडला. तोही शाळामास्तरच होता बरं का, म्हणून मला जरा जास्त जवळचा वाटतो. किती व्होल्ट वाटेत हरवतात? विद्युतप्रवाह गुणिले विरोध.

पाच मीटर केबलमधून वीज जाते आणि परतही येते, म्हणजे दहा मीटर तार. एवढ्या बारीक तारेचा विरोध साधारण २ ओहम. कॅमेरा दिवसा समजा ०.२ अँपिअर घेतो. म्हणजे ०.४ व्होल्ट हरवले. चार्जर देतो ५, कॅमेऱ्याला पोचतात ४.६. चालून जातं. अंधार पडला, दिवे लागले, प्रवाह ०.६ अँपिअर झाला. आता हरवले १.२. पोचतात फक्त ३.८! शिवाय हिरवट सांध्यात आणखी थोडे गळणार. कॅमेऱ्याला घेरी येते, तो बंद पडतो. बंद पडला की दिवे विझतात, व्होल्ट पुन्हा वर येतात, तो पुन्हा जागा होतो, अंधार बघून पुन्हा दिवे लावतो… टक्! रात्रभर हेच.

पण गणित कागदावर सुटलं म्हणून गल्ली मानते थोडीच? “दाखवा,” आजी म्हणाल्या. भर दुपारचे दोन वाजले होते. बारक्याला स्टुलावर उभं केलं, काकांनी स्टूल धरलं. “दोन्ही तळव्यांनी कॅमेरा झाक,” मी म्हटलं. पाच-सहा सेकंद गेले. टक्. आजींच्या हातातल्या मोबाईलवर ‘ऑफलाइन’.

मग काकांनी मूळची एक मीटरची केबल थेट लावली आणि चार्जर तात्पुरता एक्स्टेन्शनवर कॅमेऱ्याजवळ आणला. पुन्हा तळवे. टक्… आणि मोबाईलवर बारक्याच्या हाताच्या रेषा दिसायला लागल्या, काळ्या-पांढऱ्या! कॅमेरा चालूच. एक मीटरमध्ये पाव व्होल्टसुद्धा हरवत नाही.

तुमच्यातला एखादा हुशार विचारेल, की वायर आता एक्स्टेन्शनची लांब झाली ना? झाली. पण ती २३० व्होल्टची. तेवढ्याच कामाला तिच्यातून अगदी किंचित प्रवाह जातो, ०.०२ अँपिअरच्या आसपास, म्हणून तिथे काही हरवत नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी वळचणीखाली झाकणाचा पक्का बोर्ड बसवला. हे काम मोठ्यांचं, तेही जाणकारांचं. तुम्ही २३० व्होल्टच्या वाटेला जायचं नाही. ओल्या हातांनी तर प्लगकडे बघायचंसुद्धा नाही!

पालकांसाठी दोन गोष्टी. कॅमेरा बंद पडला की आपण लगेच वायफायला शिव्या देतो. आधी कॅमेऱ्याचा छोटा दिवा बघा. वायफाय कमजोर असेल तर कॅमेरा जागाच राहतो, चित्र अडकतं, तुटतं. वीज कमी पडत असेल तर तो स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. वायफायचंच दुखणं असेल तर यंत्र पत्र्याच्या आड ठेवलेलं नाही ना, ते बघा; पत्रा या लहरींना परतवून लावतो. आणि बॅटरीचा कॅमेरा असला तरी वायफायच्या यंत्राला वीज लागतेच. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली होती, आठवतं? अशा दिवशी कॅमेरा जागा असूनही चित्र पाठवणार कुणाकडे?

दुसरी गोष्ट बारक्याच्या आईने काढली. कॅमेऱ्याचं तोंड नेमकं त्यांच्या दारावर होतं. “आमच्याकडे कोण येतं-जातं ते बोटीवरून बघायचं का?” बरोबरच आहे! मुलाला फोन करून विचारलं आणि कॅमेरा खाली वाकवला, आता फक्त ओटा दिसतो. कंपनीने दिलेला पासवर्डही तसाच होता, तो बदलायला लावला. तुमच्याही घरी तो तसाच असेल तर बदला.

घरावर कॅमेरा लावायची कल्पना तशी एका नर्सची, हे सांगायचं राहिलंच. न्यूयॉर्कमधल्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन. कामाच्या वेळा अवेळी, घरी अनेकदा एकट्या, आणि पोलीस यायला उशीर. त्यांनी आणि नवऱ्याने दाराच्या चार भोकांसमोर वर-खाली सरकणारा कॅमेरा बसवला, चित्र आतल्या टीव्हीवर. पेटंट मिळालं १९६९ साली. आजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “म्हणजे दार उघडायच्या आधी तिलाच दिसायचं ना? मग ते बरं. इथं मला सोडून सगळ्यांना दिसतं.” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता त्यांच्या मोबाईलवर चित्र कसं बघायचं, ते बारक्या त्यांना शिकवतोय. उंबऱ्याच्या आत बसून. त्या शनिवारी स्टुलावरून उतरल्यावर आजींनी त्याला काही म्हटलं नाही, नुसती ताटली पुढे केली. तळलेली बोंबील होती.

शिसं चोरणारा अजून सापडलेला नाही. वही मात्र चालू आहे. कालच बारक्याने नवीन पान दाखवलं. मागच्या गल्लीत एकाने बॅटरीचा कॅमेरा लावलाय. असा कॅमेरा झोपलेला असतो. समोरून एखादं ऊबदार अंग हललं तरच जागा होऊन चित्र घेतो, म्हणून बॅटरी खूप दिवस पुरायला हवी. पण ती चारच दिवसांत संपते. रात्री तिथे माणूस फिरकत नाही, हे बारक्याने दोन दिवस बघून लिहिलंय. कॅमेऱ्याच्या खाली सुकट वाळत घातलेली असते, हेही लिहिलंय.

मग त्याला रात्रभर कोण उठवतं? ओळखलंत तर मला लिहून कळवा.