प्रथम येणाऱ्याचे तुळजापूर

नित्य जाणाऱ्याला तीर्थक्षेत्राचे दोष दिसेनासे होतात आणि गुणही सवयीचे होतात. गाव खरोखर कसे आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर तेथे आयुष्यात प्रथमच पाऊल ठेवणाऱ्याला विचारावे. तेही पहिल्या दिवसाच्या सायंकाळी. धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरला ही कसोटी लावून पाहण्याची वेळ आली आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार तुळजापूर हे सुमारे ३४ हजार वस्तीचे गाव. मात्र घटस्थापनेपासून कोजागरीपर्यंतच्या पंधरवड्यात बालाघाटाच्या माथ्यावरील हे गाव महानगर होते. गावोगावची नवरात्र मंडळे येथूनच भवानी ज्योत पेटवून नेतात. हातोहात ज्योत देत तरुण रात्रंदिवस धावत आपले गाव गाठतात. कोजागरीला सोलापूरहून सुमारे ४५ किलोमीटरची वाट लाखो भाविक पायी तुडवतात. कर्नाटक आणि तेलंगणातूनही माणसे येतात. गळ्यात कवड्यांची माळ आणि हाती परडी घेतलेल्या आराधिनींना या गर्दीत कोणी वाट दाखवावी लागत नाही. ती त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळखीची वाट आहे.

प्रश्न आहे तो दुसऱ्या एका वर्गाचा. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात वाढलेला, ‘आमचे कुलदैवत तुळजाभवानी’ एवढेच ठाऊक असलेला मराठी गृहस्थ आज पत्नी, मुले आणि वृद्ध आई यांना घेऊन प्रथमच तुळजापूरला येतो. आजोबा येत असत, वडिलांचे येणे नोकरीमुळे राहून गेले, आणि कुळाच्या पुजाऱ्याचे नाव घरात कोणालाच आठवत नाही. वाहनतळावर उतरताच चार माणसे त्याला घेरतात. पायऱ्या उतरून कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ मागे टाकत तो रांगेला लागतो. गोमुखाचे माहात्म्य काय, चिंतामणीच्या शिळेला लोक कौल का लावतात, हे त्याच्या मुलांनी विचारले तर त्याच्यापाशी उत्तर नसते. दसऱ्याला सीमोल्लंघन झाल्यावर पौर्णिमेपर्यंत देवी पलंगावर निद्रिस्त असते. तो पलंग घोडेगावहून आणि पालखी बुऱ्हाणनगरहून येते. ज्याला हे आधी कोणी सांगितले नाही, तो त्या दिवसांत रिकामे सिंहासन पाहून गोंधळतो. ज्याला सांगितले आहे, तो धन्य होऊन परततो. प्रसंग एकच, अनुभव मात्र दोन. अंतर पडते ते सांगणाऱ्या माणसामुळे.

पूर्वी हा सांगणारा माणूस होता. भाविक थेट आपल्या पुजाऱ्याच्या घरी उतरे. तेथेच स्नान, तेथेच पुरणाचा नैवेद्य, तेथेच मुक्काम. आजोबांनी केव्हा गोंधळ घातला, हे पुजाऱ्याच्या घरी ठाऊक असे. या व्यवस्थेत दोष नव्हते असे नाही, परंतु तिचा पाया व्यवहाराचा नसून नात्याचा होता. ते नाते जपणारी घरे आजही तुळजापुरात आहेत. मात्र कुलाचार विसरलेला शहरी भाविक त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्याच्या वाट्याला येतो तो दलाल. ही तुटलेली साखळी एकट्या पुजाऱ्यांनी तोडलेली नाही, ती आपणही तोडली आहे.

काही जण म्हणतील, यात्रा म्हणजे सहल नव्हे. कष्ट हा तिचा भागच आहे. हे अर्धेच खरे आहे. सोलापूरहून अनवाणी चालणारा भाविक स्वतः कष्ट स्वीकारतो. ती त्याची तपश्चर्या. पण सत्तरीच्या मातेला बसायला जागा मिळू नये किंवा पूजेची रक्कम दर दहा पावलांवर बदलावी, यात तपश्चर्या कोणती? गैरसोयीला श्रद्धेचे नाव देऊन आपण आपली जबाबदारी टाळतो.

राज्य मंत्रिमंडळाने २०२५ साली तुळजापूरच्या विकास आराखड्यास १,८६५ कोटी रुपयांची मंजुरी दिली. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा ८४ किलोमीटरचा लोहमार्गही मंजूर आहे. या दोन्ही गोष्टी स्वागतार्हच आहेत. परंतु रेल्वे आली की प्रथमच येणाऱ्यांची संख्या वाढणार, हे उघड आहे. निधीतून रस्ते, दर्शनमंडप आणि निवास उभे राहतील. आपुलकी कोणत्याही निविदेतून मिळत नाही. ती गावाने आणि समाजाने द्यायची असते.

त्यासाठी फार मोठी यंत्रणा नको. प्रत्येक पूजेची रक्कम ठळक अक्षरांत लागावी आणि तीच घेतली जावी. बसस्थानकावर व वाहनतळावर तुळजापूर-धाराशिवच्या महाविद्यालयांतील प्रशिक्षित तरुण-तरुणी उभे राहावेत. मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगू बोलणारेही त्यांत असावेत. मंदिर संस्थानाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते, त्यामुळे शासन आणि देवस्थान यांचा मेळ घालणे येथे अवघड नाही. कुळ आणि मूळ गाव सांगितल्यावर परंपरागत पुजाऱ्याचे घर शोधून देणारा एक कक्ष निघाला, तर किती कुटुंबांना हरवलेले नाते परत मिळेल!

आणि पाहुण्याला दुसरा दिवसही मिळाला पाहिजे. आज तो दर्शन घेऊन सायंकाळी सोलापूरची वाट धरतो. सुमारे ३५ किलोमीटरवर नळदुर्ग आहे, जेथे बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल बांधला आहे आणि नर-मादी धबधबे पावसाळ्यात त्यावरून कोसळतात. संत गोरोबाकाकांचे तेर आहे. पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात ‘तगर’ म्हणून नोंदलेले, भडोच बंदराला कापड पुरवणारे हेच ते नगर. तेथील लामतुरे संग्रहालयात त्या वैभवाच्या खुणा जपल्या आहेत. २०२३ साली जिल्ह्याला धाराशिव हे नाव अधिकृतपणे परत मिळाले. ते नाव मिरवणारी लेणी शहराजवळच आहेत. नाव बदलले म्हणून आनंद करणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या मुलांना ही लेणी दाखवली? पाहुणा एक रात्र अधिक राहिला, तर वारंवार दुष्काळ सोसणाऱ्या या जिल्ह्यातील खाणावळवाल्याला, रिक्षावाल्याला आणि वाटाड्या तरुणाला रोजगार मिळेल. पोटासाठी पुण्याकडे निघालेल्यांपैकी काहींचे पाऊल तरी त्यामुळे थांबेल.

येणारा प्रत्येक जण आईच्या माहेरी आलेला आहे. माहेरी आलेल्याला पत्ता विचारत हिंडावे लागू नये. येत्या नवरात्रात आपल्यापैकी प्रत्येक कार्यकर्त्याने चार दिवस द्यावेत. पाण्याचा पेला, बसण्यास सावली आणि खरी माहिती, एवढेच पाहुण्याच्या हाती ठेवावे. आणि ज्या घरांत कुळाच्या पुजाऱ्याचे नाव विस्मरणात गेले आहे, त्यांनी घरातील थोरांना ते आजच विचारून लिहून ठेवावे. सांगणारी पिढी अजून आहे, तोवरच हे शक्य आहे.