कुरळे केस आणि बोअरचे पाणी

मार्च संपत आला, नळाचे पाणी चार-आठ दिवसांआड येऊ लागले आणि घरोघरी बोअर व टँकरच्या पाण्यावर भागवणे सुरू झाले, की आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक तक्रार हमखास वाढते. ‘डॉक्टर, पाणी बदलले आणि केसांची वाट लागली.’ तक्रार करणाऱ्यांत कुरळ्या किंवा नागमोडी केसांच्या मुली आणि बायका जास्त असतात. केस राठ झालेत, फणी आत शिरत नाही, न्हाल्यावर चिकट लागतात, वाळल्यावर काथ्यासारखे उभे राहतात. आई म्हणते, हिचे केसच असे झिपरे. मैत्रीण सांगते, नळाला फिल्टर बसव. पार्लरवाली म्हणते, केस सरळच करून घे, कटकट मिटेल. या तिन्ही सल्ल्यांत पैसा जातो किंवा मन दुखावते, आणि तिसऱ्यात तब्येतही पणाला लागू शकते. म्हणून या विषयाकडे ‘सौंदर्याचा प्रश्न’ म्हणून दुर्लक्ष करणे बरे नाही.

आधी पाण्याचे बघू. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही त्याला शाळेच्या पुस्तकात आपण ‘दुष्फेन’ पाणी म्हणायला शिकलो. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त विरघळलेले असतात. पाऊस मऊ असतो, पण जमिनीत मुरून खडकांतून झिरपताना तो हे क्षार उचलतो, म्हणून खोल बोअरचे पाणी बहुधा नदी-धरणाच्या पाण्यापेक्षा जड असते. गीझरच्या कॉइलवर आणि बादलीच्या कडेला जमणारा पांढरा थर म्हणजे तेच क्षार. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येते. जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या कारणासाठी कठीणतेची कोणतीही मर्यादा घातलेली नाही. म्हणजे केवळ जड आहे म्हणून ते पाणी विषारी ठरत नाही. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्याची गोष्ट थोडी वेगळी. तिथे भूजलात मिठासारखे इतर क्षारही भरपूर असतात आणि ते पाणी चवीलाच खारे लागते. प्रत्येक जड पाणी खारे नसते, हे लक्षात ठेवावे.

आता केसाचे. केस डोक्याच्या कातडीतून बाहेर आला की तो जिवंत राहत नाही. त्याच्यावर घराच्या कौलांसारखे एकावर एक चढवलेले बारीक खवले असतात. खवले सपाट बसलेले असले की केस चमकतो आणि घसरतो. उचलले गेले की केस राठ होतो आणि शेजारच्या केसात अडकतो. सरळ केस आडवा कापला तर बराचसा गोल दिसतो, कुरळा केस चपटा, लंबगोल दिसतो. त्याला जागोजागी वळण आणि पीळ असतो. टाळूतून पाझरणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून टोकापर्यंत उतरते. कुरळ्या केसात ते वळणावळणावर अडते. त्यामुळे कुरळे केस मुळातच कोरडे, आणि पिळाच्या जागी नाजूक. हा त्यांचा दोष नव्हे, रचना आहे.

जड पाणी नेमके इथे त्रास देते. ओल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, कॅल्शियमवर धन. ते केसाला चिकटते. ब्लीच केलेल्या, रंगवलेल्या किंवा आधीच खराब झालेल्या केसात ते जास्त शिरते, हे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगमालेत दिसले. त्यात साबण वापरला तर साबण आणि कॅल्शियम मिळून न विरघळणारा साका तयार होतो. न्हाल्यावर केस चिकट का लागतात, याचे उत्तर हे. कितीही पाणी ओतले तरी साका जात नाही, कारण ओतलेले पाणीही तेच असते.

मग जड पाण्याने केस कमकुवत होतात का? यावर अभ्यास थोडे आहेत आणि त्यांचे एकमत नाही. २०१३ साली कोइमतूरच्या डॉक्टरांनी जड आणि शुद्ध पाण्यात ठेवलेल्या केसांची ताकद मोजली. लक्षणीय फरक आढळला नाही. २०१८ साली पाकिस्तानातल्या डॉक्टरांनी तसाच प्रयोग जास्त काळ केला, तेव्हा जड पाण्यातल्या केसांची ताकद घटलेली दिसली. तेव्हा प्रामाणिक उत्तर एवढेच, की जड पाण्याने केस राठ होतात, गुंततात आणि गुंता ओढताना तुटतात. पण टक्कल पडते, याला पुरावा नाही. केसाचे मूळ कातडीच्या आत असते. बादलीतला कॅल्शियम तिथे पोचून मूळ मारत नाही.

तुटणे आणि गळणे यांतला फरक घरच्या घरी कळतो. फणीत आलेला केस उजेडात धरून बघा. पूर्ण लांबीचा असेल आणि एका टोकाला बारीकसा पांढरा गोळा असेल, तर तो मुळापासून सुटला आहे. आखूड तुकडा असेल, गोळा नसेल, तर तो मधेच तुटला आहे. तुकडे जास्त असतील तर पाणी, साबण, फणी, इस्त्री यांचा विचार करा. गोळ्यांचे केस जास्त असतील तर पाण्याला सोडा आणि डॉक्टरांकडे या. दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. त्याहून बरेच जास्त गळत असतील, तर मागच्या दोन-तीन महिन्यांत काय झाले ते आठवा. डेंग्यू, टायफॉइडसारखा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, उपाशी राहून घटवलेले वजन, यांचा हिशोब केस तेवढ्या महिन्यांनी चुकता करतात. थायरॉइडचा विकार आणि लोहाची कमतरता ही आणखी दोन कारणे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. ‘बोअरच्या पाण्याने केस गेले’ म्हणणाऱ्या बाईचे हिमोग्लोबिन आठ निघते, हे आम्ही वरचेवर पाहतो. तिने फिल्टरला पैसे घातले असते तर केस परत आले नसतेच, रक्तक्षयही तसाच राहिला असता.

पाण्यावर सगळे ढकलण्याची घाई काय करते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २०२४ च्या डिसेंबरअखेर आणि २०२५ च्या जानेवारीत बुलडाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांचे केस काही दिवसांत झपाट्याने गेले. पहिला संशय पाण्यावर आणि शाम्पूवर घेतला गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासण्यांत रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम फार जास्त आढळले आणि त्यांनी खाण्यातल्या गव्हाकडे बोट दाखवले. नुसते पाण्याकडे बघत बसले असते, तर ताटातल्या गव्हाची तपासणी करायचे कोणाला सुचले नसते.

केस तुटत आणि राठ होत असतील तर उपाय महाग नाहीत. ज्या घरात बायकांनाच पाणी भरावे लागते, तिथे जास्त पाणी मागणारे उपाय मी सांगणार नाही.

पहिले, डोक्याला साबणाची वडी लावू नका. ‘शिकेकाई साबण’ हाही साबणच असतो, साका तोही करतो. शिकेकाई किंवा रिठ्याच्या कढणातल्या फेसाचे तसे होत नाही. आजीचे न्हाणे जड पाण्यातही जमायचे ते म्हणून. साधा शाम्पूही चालतो. तो टाळूला लावा, टोके धुवायला उतरणारा फेस पुरतो.

दुसरे, महिन्यातून एक-दोनदा असा शाम्पू वापरा ज्याच्या घटकांत ‘ईडीटीए’ बऱ्यापैकी वर लिहिलेले आहे. हा पदार्थ कॅल्शियमला धरून ठेवतो आणि पाण्याबरोबर घेऊन जातो. रोज वापरू नका, केस आणखी कोरडे होतील.

तिसरे, शेवटचा एक-दोन तांबे पाणी मऊ असू द्या. पावसाळ्यात स्वच्छ धरलेले पावसाचे पाणी उत्तम. एरवी पाणी दहा मिनिटे उकळून, निवल्यावर तळाचा पांढरा गाळ मागे ठेवून वरचे पाणी घ्या. उकळल्याने कठीणतेचा एक भाग खाली बसतो, सगळा नाही. हवे तर लिटरभर पाण्यात एक चमचा व्हिनेगर टाका. टाळूला जखम किंवा खरूज असेल तर टाकू नका. घरात आरओ असेल तर त्याचे शुद्ध पाणी तांब्याभर वापरा. त्याच्या नळीतून वाया जाणारे पाणी मात्र डोक्यावर घेऊ नका, काढून टाकलेले सगळे क्षार त्यातच असतात. त्याने फरशी पुसा.

चौथे, न्हाल्यावर कंडिशनर लावा आणि तो केसात असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता सोडवा, टोकांकडून मुळाकडे. कुरळे केस कोरडे विंचरू नका. दिवसातून चारदा फणी फिरवून ते सरळ होत नाहीत, तुटतात. पुसायला खरखरीत टॉवेल नको, जुना सुती पंचा घ्या आणि चोळू नका, दाबून टिपा.

पाचवे, खोबरेल. २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी दाखवले, की खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारा प्रथिनांचा ऱ्हास कमी करते. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने तसे झाले नाही. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीचे होते, तेही सांगायला हवे. पण प्रयोग नीट होता. न्हाण्याआधी काही तास थोडे तेल केसांच्या लांबीला लावावे. कोंडा असेल तर टाळूवर थापू नये, कोंड्याची बुरशी तेलावर पोसते.

काय करू नये तेही सांगतो. तुरटीने गढूळपणा बसतो, कठीणता जात नाही. खायचा सोडा अल्कधर्मी आहे, केसाचे खवले आणखी उचलले जातात. शॉवरला लावायचे बहुतेक छोटे फिल्टर क्लोरीन कमी करतात, कॅल्शियम नाही. कठीणता खरोखर घालवणारे यंत्र रेझिनचे असते आणि त्याला वेळोवेळी मीठ घालावे लागते. विक्रेता टीडीएस मीटर दाखवत असेल, तर तो आकडा सगळ्या विरघळलेल्या क्षारांचा आहे, कठीणतेचा नाही. पाणी तपासायचेच असेल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नेऊन द्या.

आता त्या तिसऱ्या सल्ल्याकडे वळू. केस सरळ करण्याच्या ‘केराटिन’ उपचारांपैकी अनेकांत तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड सुटते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. ते श्वासातून जाते, उपचार करून घेणारीच्या आणि त्याहून जास्त, दिवसभर ते करणाऱ्या पार्लरमधल्या मुलीच्या. ‘फॉर्मल्डिहाइड नाही’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक क्रीममध्ये ग्लायॉक्झिलिक आम्ल असते. २०२४ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका २६ वर्षांच्या तरुणीची हकिकत दिली. केस सरळ करून घेतल्यावर तीनदा तिच्या मूत्रपिंडांना अचानक इजा झाली होती. तेच क्रीम उंदरांच्या कातडीला लावल्यावर त्यांच्या मूत्रपिंडांत ऑक्सलेटचे खडे साचले. इस्रायलमधूनही असे रुग्ण नोंदले गेले आहेत. असे प्रत्येकीला होत नाही. पण उपचारानंतर एक-दोन दिवसांत उलट्या, पोट किंवा कंबर दुखणे, लघवी कमी होणे असे काही झाले, तर लगेच रुग्णालय गाठा आणि केसांना काय लावले ते न लाजता सांगा. आम्ही विचारत नाही, तुम्ही सांगत नाही, आणि कारण हाती लागत नाही. शिवाय केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. वाढणारा प्रत्येक सेंटिमीटर कुरळाच येणार, म्हणजे खर्च आणि धोका दर काही महिन्यांनी पुन्हा.

हे सगळे मुली कशासाठी करतात? बघायला येणारे लोक, मुलाखत घेणारे साहेब, ‘केस नीट बांधून ये’ म्हणून वर्गाबाहेर उभे करणारे शिक्षक, यांच्यासाठी. कुरळे केस अस्वच्छ असतात, ही समजूत कुठल्याही वैद्यकाच्या पुस्तकात नाही. ती आपण घरातून आणि शाळेतून शिकवतो. शाळांना सांगणे आहे: केस स्वच्छ आहेत का, उवा आहेत का, ते जरूर बघा, ते सरळ आहेत का, हे बघण्याचे तुम्हाला काही कारण नाही. नगरपालिका आणि ग्रामपंचायतींना सांगणे आहे: टँकर ज्या बोअरवर भरतो तिथल्या पाण्याचा तपासणी अहवाल, कठीणतेच्या आकड्यासह, फलकावर लावा. लोक मग फिल्टरवाल्याच्या मीटरवर विसंबणार नाहीत.

आणि आयांना एक विनंती. मुलीचे केस खूप गळत असतील तर पार्लरच्या आधी तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. सरकारी रुग्णालयात ते फुकट होते. केस नुसते कुरळे असतील, तर तो आजार नाही. त्यावर उपचारही नाही, आणि त्याची गरजही नाही.