मुष्टियुद्धाला उतरती कळा लागली आहे काय?
आयर्लंडच्या उदाहरणावरून एक विचार

मार्च २०२५ मध्ये ग्रीस देशात भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या सभेने २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्धाला जागा देण्याचा ठराव केला, आणि जगभरच्या या खेळाच्या चाहत्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तोपर्यंत लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमपत्रिकेत या खेळाचे नावच नव्हते. ज्या खेळाचे सामने प्राचीन ग्रीसच्या ऑलिंपिकमध्ये होत असत, त्याच्यावर दारात उभे राहून आत येण्याची परवानगी मागण्याची वेळ आली होती. तेव्हा मुष्टियुद्ध हा खेळ आता संपत चालला आहे काय, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याला वेड्यात काढता येणार नाही.

या प्रश्नाचा विचार आम्ही आज आयर्लंडच्या उदाहरणावरून करणार आहोत. आयर्लंडच का, असे वाचक विचारतील. तो देश आपल्यासारखाच बेटावरचा आहे, आपल्यासारखाच इंग्रजांच्या अमलाखालून बाहेर आलेला आहे, आणि ऑलिंपिकमध्ये त्याला मुष्टियुद्धाने जितकी पदके दिली तितकी दुसऱ्या कोणत्याही खेळाने दिलेली नाहीत. १९५२ पासून २०२४ पर्यंत ही पदके १९ झाली. आपल्या मॉरिशसला तर पॅरिसच्या ऑलिंपिकपर्यंत एकच पदक मिळालेले आहे. ते ब्रूनो ज्युली याने २००८ साली बीजिंग येथे मिळवलेले कांस्यपदक होय, आणि तेही मुष्टियुद्धातलेच. म्हणून या खेळाचे भवितव्य हा आपल्यालाही परका विषय नाही.

उताराची लक्षणे

प्रथम निराशेची बाजू पाहू. १९ जुलै १९७२ रोजी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर खुद्द मुहम्मद अली लढला होता. ८ जून १९८५ रोजी मॉनहन परगण्यातील क्लोन्स या सीमेवरच्या छोट्या गावचा बॅरी मॅग्विगन लंडनमध्ये युसेबिओ पेद्रोसाला हरवून फेदरवेट गटाचा जगज्जेता झाला. उत्तर आयर्लंडमध्ये त्या काळी रोज रक्त सांडत होते, तरी कॅथलिक व प्रॉटेस्टंट या दोन्ही समाजांनी तो विजय आपला मानला. मार्च १९९५ मध्ये कॉर्क परगण्यातील मिलस्ट्रीट या लहानशा गावात स्टीव्ह कॉलिन्सने ख्रिस यूबँकला हरवले. त्या काळी अशी एक लढत साऱ्या देशाला जागे ठेवत असे.

पुढे चित्र बदलले. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी डब्लिनच्या रीजन्सी हॉटेलमध्ये दुसऱ्या दिवशीच्या सामन्यासाठी मुष्टियोद्ध्यांची वजने घेतली जात असताना पोलिसांच्या वेशात बंदुका घेऊन माणसे शिरली व एकाचा खून झाला. दोन गुन्हेगारी टोळ्यांच्या वैराचा तो भाग होता. त्यांपैकी किनाहान टोळीच्या म्होरक्यांवर अमेरिकन सरकारने एप्रिल २०२२ मध्ये निर्बंध घातले, तेव्हा त्यांच्यातील एकाचे हात मुष्टियुद्धाच्या बड्या सामन्यांच्या व्यवहारापर्यंत कसे पोहोचले होते याची चर्चा जगभर झाली. या साऱ्याची झळ कोणाला लागली? आयर्लंडची सर्वांत नावाजलेली मुष्टियोद्धी केटी टेलर २०१६ च्या अखेरीस धंदेवाईक झाली, पण तशी लढत मायदेशात देण्यासाठी तिला मे २०२३ उजाडावे लागले. तीही क्रोक पार्कवर झाली नाही. खर्चाचा मेळ बसेना, म्हणून एका बंदिस्त सभागृहात झाली.

त्यातच नवे आकर्षण आले. लाथा, ठोसे व कुस्ती यांची मिसळ असलेल्या मिश्र युद्धप्रकाराने तरुणांना ओढून घेतले. या प्रकाराचा आयर्लंडमधील सर्वांत प्रसिद्ध खेळाडू कॉनर मॅक्ग्रेगर हा मुळात डब्लिनच्या क्रमलिन भागातील मुष्टियुद्धाच्या क्लबातच शिकलेला होता.

ऑलिंपिककडे पाहिले तरी असेच दिसते. २०१६ साली रिओहून आयरिश मुष्टियोद्धे रिकाम्या हाताने परतले. पॅरिसला २०२४ साली दहा जणांचे पथक गेले आणि पदक आले ते एकच. एवढे पाहून कोणीही म्हणेल की दिवा विझत चालला आहे.

दोन वेगळे खेळ

परंतु आमच्या मते येथे एक गल्लत होते. मुष्टियुद्ध या एका नावाखाली वास्तविक दोन गोष्टी नांदतात. एक धंदा आहे. त्यात तिकिटे विकली जातात, दूरचित्रवाणीचे करार होतात, चार-चार संस्था आपापला जगज्जेता जाहीर करतात, आणि पैशाच्या वासाने नको ती माणसेही जमतात. दुसरा खेळ आहे. तो गावातल्या एखाद्या सभागृहात किंवा जुन्या कोठारात संध्याकाळी चालतो, आणि तेथे शिकवणारा दिवसा आपली नोकरी करून रात्री फुकट शिकवायला येतो. आपल्या पूर्वजांच्या मुलुखात अशा जागेला तालीम म्हणत. आयर्लंडचे मोठेपण या तालमींत घडले आहे.

इतिहास हेच सांगतो. १९५२ साली हेलसिंकीला कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदकविजेते ठरले. त्याच ऑलिंपिकमध्ये आणि त्याच बँटमवेट नावाच्या गटात बेलफास्टच्या जॉन मॅक्नॅलीने रौप्यपदक मिळवून आयर्लंडच्या मुष्टियुद्धाचे खाते उघडले. चार वर्षांनी मेलबर्नला आयर्लंडने सात मुष्टियोद्धे पाठवले, त्यांपैकी चौघे पदके घेऊन आले.

आयरिश मुष्टियुद्ध संघटना १९११ साली स्थापन झाली. पुढे देशाची फाळणी झाली, पण संघटनेची झाली नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंचे क्लब तिच्यातच राहिले. म्हणून १९८० साली मॉस्कोत कांस्यपदक मिळवणारा ह्यू रसेल बेलफास्टचा असूनही आयर्लंडकडून लढला. १९९२ साली बार्सिलोनात एकाच दिवशी दोन आयरिश मुष्टियोद्धे अंतिम फेरीत उतरले. एक मायकेल कॅरथ, आयरिश सैन्यातला जवान, ज्याला त्याच्या वडिलांनी शिकवले होते. त्याने क्यूबाच्या प्रतिस्पर्ध्याला हरवून देशाला या खेळातले पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. दुसरा वेन मॅक्कलो, बेलफास्टच्या शँकिल रोड या कट्टर प्रॉटेस्टंट वस्तीतला. त्याने रौप्यपदक मिळवले. याच मॅक्कलोने १९८८ साली सोलला आयर्लंडचा झेंडा हाती धरला होता. ज्या काळात दोन वस्त्यांमध्ये भिंती उभ्या राहत होत्या, त्या काळात हे घडले. असे काम करणारा खेळ निव्वळ मारामारी आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल.

मुलींनी सावरलेला खेळ

आता या कथेतला सर्वांत महत्त्वाचा भाग. विकलो परगण्यातील ब्रे गावची केटी टेलर लहानपणी मुलांच्या सामन्यांत मुलगा म्हणून लढत असे, कारण मुलींना परवानगीच नव्हती. ३१ ऑक्टोबर २००१ रोजी डब्लिनच्या नॅशनल स्टेडियममध्ये आयर्लंडमधील मुलींचा पहिला अधिकृत सामना झाला आणि तो तिने जिंकला. हे स्टेडियम १९३९ साली खास मुष्टियुद्धासाठीच बांधलेले आहे. पाच वर्षांनी, २००६ साली, नवी दिल्लीत ती प्रथम जगज्जेती झाली. त्याच स्पर्धेत आपल्या भारताच्या मेरी कोमनेही सुवर्ण मिळवले होते. २०१२ साली लंडनला स्त्रियांचे मुष्टियुद्ध ऑलिंपिकमध्ये प्रथमच आले आणि केटीने सुवर्णपदक जिंकले.

तिच्यामागून केली हॅरिंग्टन आली. डब्लिनच्या पोर्टलँड रो या गरीब भागात ती वाढली आणि एका रुग्णालयात सफाईचे काम करत तिने सराव केला. तीही जगज्जेती झाली ती दिल्लीतच, २०१८ साली. पुढे टोकिओ व पॅरिस अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये तिने सुवर्णपदक मिळवले. आयर्लंडने मुष्टियुद्धात आजवर चार सुवर्णपदके मिळवली, त्यांपैकी तीन स्त्रियांची आहेत. म्हणजे ज्यांना दाराबाहेर ठेवले होते त्यांनीच घर सावरले.

धंद्याच्या बाजूलाही तेच दिसते. एप्रिल २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये केटी टेलर व अमांडा सेरानो यांची लढत मुख्य लढत म्हणून ठेवली गेली. त्या सभागृहाच्या इतिहासात स्त्रियांच्या मुष्टियुद्धाला हा मान प्रथमच मिळाला. जुलै २०२५ मध्ये त्या दोघी तेथेच तिसऱ्यांदा लढल्या आणि केटीच जिंकली.

दोष कोणाचा?

मग उतार कोठून आला? आमचे म्हणणे असे की तो खालून आलेला नाही, वरून आला आहे. बिली वॉल्श व जॉर्जियाहून आलेले झाउर अन्तिया या दोन प्रशिक्षकांच्या जोडीने २००३ पासून आयर्लंडचे निवडक मुष्टियोद्धे घडवले, आणि बीजिंग व लंडन मिळून सात पदके आली. असे असताना २०१५ साली संघटनेशी पटेना म्हणून वॉल्श अमेरिकेला निघून गेले. पुढच्याच वर्षी रिओत पदक नाही. तेथे मायकेल कॉन्लनला पराभूत ठरवणारा निकाल तर इतका वादग्रस्त होता की त्याची चर्चा अजून संपलेली नाही. कॅनडाचे प्राध्यापक रिचर्ड मॅकलारेन यांच्या २०२१ च्या चौकशी अहवालाने रिओत निकालांची हेराफेरी करणारी यंत्रणाच होती असा निष्कर्ष काढला. २०२२ साली आयरिश संघटनेच्या सभासदांनी कारभार सुधारण्याचा ठराव फेटाळला व सरकारने अनुदानाला कात्री लावली. २०२३ साली ऑलिंपिक समितीने जुन्या जागतिक संघटनेची मान्यताच काढून घेतली. वर्ल्ड बॉक्सिंग ही नवी संघटना उभी राहिली, म्हणून लॉस एंजेलिसचे दार उघडले. या सगळ्यात तालमीत घाम गाळणाऱ्या मुलामुलींचा अपराध काय होता? सप्टेंबर २०२५ मध्ये लिव्हरपूलला नव्या संघटनेची जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा आयर्लंडची ईफा ओरूर्क सुवर्णपदक घेऊन परतली. खेळाची मुळे जिवंत आहेत याचा आणखी पुरावा तो कोणता?

पुढे काय?

तरीही एका प्रश्नाला बगल देता येणार नाही, आणि तो डोक्याला होणाऱ्या इजेचा आहे. १९८२ साली बॅरी मॅग्विगनशी लढल्यानंतर यंग अली नावाचा नायजेरियन तरुण बेशुद्धावस्थेत गेला व पुढे मरण पावला. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेलफास्टच्या लढतीनंतर गॉलवेचा जॉन कूनी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी दगावला. या दोन मृत्यूंमध्ये चाळीसहून अधिक वर्षांचे अंतर आहे, आणि या काळात वैद्यकशास्त्र कितीतरी पुढे गेले. प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर प्रहार करणे हा ज्या खेळाचा नियमच आहे, त्यात धोका कमी करता येईल, नाहीसा करता येणार नाही. हे जे लपवतात ते खेळाचे मित्र नव्हेत.

आमचा अंदाज असा की धंदेवाईक मुष्टियुद्ध यापुढे थोड्या नामवंतांचा व थोड्या श्रीमंत शहरांचा तमाशा होऊन राहील. क्रोक पार्कचे दिवस परत येतील असे वाटत नाही. हौशी मुष्टियुद्ध मात्र टिकेल, पण तीन अटींवर. पंचांचा निकाल स्वच्छ हवा, संघटनेचा हिशेब उघडा हवा, आणि मुलांच्या डोक्याची काळजी पदकाच्या आधी हवी. ज्या देशात या अटी पाळल्या जातील तेथे मुले येत राहतील, कारण गरिबाच्या मुलाला दोन हातमोज्यांवर जगापुढे उभे करणारे खेळ फार नाहीत.

आम्ही शिक्षक आहोत, म्हणून आयाबाप आम्हाला विचारतात, "गुरुजी, पोराला बॉक्सिंगला घालू का?" कास्कावेल असो की वाक्वा, प्रश्न हाच असतो. आमचे उत्तर असे: घाला, पण आधी क्लबात जाऊन बसा. शिकवणारा मुलाला ठोसा मारायला आधी शिकवतो की चुकवायला, ते पाहा. डोक्याला मार लागल्यावर मुलाला किती दिवस घरी बसवतो, हे विचारा. मुलीला वेगळ्या कोपऱ्यात उभे करतो की बरोबरीने शिकवतो, तेही पाहा. उत्तरे बरी वाटली तर मुलालाही पाठवा आणि मुलीलाही. आणि ब्रूनो ज्युलीचे पदक सतरा वर्षांनंतरही एकटेच का राहिले, हा प्रश्न आपल्या क्रीडाधिकाऱ्यांना विचारायला विसरू नका.