उसने संदर्भ आणि शिक्षणाचे संशोधन

पेण व रोहे तालुक्यांतील एखाद्या शाळेत दिवसभर अध्यापन करून रात्री एम.एड. किंवा पीएच.डी.च्या प्रबंधाचे लेखन करणाऱ्या शिक्षकाला विषयासाठी दूर जावे लागत नाही. वीटभट्टीच्या हंगामात आईबापांबरोबर गाव सोडून जाणारी कातकरी मुले, गणेशमूर्तींच्या कारखान्यात हात काळे-पांढरे करणारे विद्यार्थी, धाटावच्या औद्योगिक वसाहतीमुळे पालटलेले पालकांचे चित्र, हे सारे त्याच्या वर्गातच बसलेले असते. अडचण सुरू होते ती पूर्वी या प्रश्नांविषयी कोणी काय लिहिले, हे शोधू लागल्यावर.

ही अडचण केवळ मुंबई-पुण्याच्या अंतराची आहे, असे सर्रास मानले जाते. ते अर्धसत्य होय. आज अनेक ग्रंथ आणि अहवाल संगणकावर घरबसल्या वाचता येतात. उणीव आहे ती शोध कसा घ्यावा, या शिक्षणाची. रायगड जिल्ह्याचेच उदाहरण पाहावे. हे नाव १९८१ मध्ये आले. त्यापूर्वीचा जिल्हा कुलाबा होता. साहजिकच १८८३ चे मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर किंवा १९६४ चे महाराष्ट्र शासनाचे गॅझेटिअर ‘रायगड’ या शब्दाने शोधणाऱ्याच्या हाती लागण्याचा संभव थोडा. इंग्रजी सूचीत ‘कुलाबा’ शोधावे, तर मुंबईच्या दक्षिण टोकाचा कुलाबा मध्ये येतो. ‘पेण’ हे नाव रोमन लिपीत लिहिले की लेखणीवाचक शब्दाशी त्याची गल्लत होते, आणि रोहे कोठे रोहा, तर कोठे रोहा-अष्टमी असते. मुरूड-श्रीवर्धनकडील जुन्या शाळांची माहिती हवी असल्यास १९४८ पर्यंतच्या जंजिरा संस्थानाचे दप्तर पाहावे लागते. परुळेकरांनी संपादित केलेली, १८२० ते १८३० या काळातील देशी शाळांची पाहणी १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली. पण त्या दशकात कुलाबा जिल्हाच अस्तित्वात नसल्याने त्या ग्रंथात कोकणच्या जुन्या विभागांखाली शोध घ्यावा लागतो. एवढी साधी गोष्ट ठाऊक नसल्याने ‘या विषयावर पूर्वी काहीच लेखन झालेले नाही’ असे बिनदिक्कत विधान करणारे प्रबंध कमी नाहीत.

वस्तुतः वाट दाखवणारी साधने पूर्वीच्या पिढ्यांनी निर्माण करून ठेवली आहेत. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या दीड शतकातील मराठी ग्रंथांची सूची दोन खंडांत सिद्ध केली. बडोद्याहून एम. बी. बुच यांनी १९७४ मध्ये भारतातील शिक्षणविषयक संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला. पीएच.डी.चे प्रबंध आता ‘शोधगंगा’वर खुले आहेत. परंतु एम.एड.चे लघुप्रबंध बहुधा महाविद्यालयांच्या कपाटांतच राहतात. आणि पेण-रोह्यातील शाळांविषयीची प्रत्यक्ष निरीक्षणे आढळण्याची शक्यता अधिक असते ती त्यांतच.

यातून जो दोष उद्भवतो, तो उसन्या संदर्भांचा. आधीच्या प्रबंधातील ग्रंथसूची उतरवून घ्यायची आणि न पाहिलेला मूळ ग्रंथ पाहिल्याचा आभास निर्माण करायचा, ही रीत रूढ झाली आहे. पहिल्याने पृष्ठांक चुकवला असेल, तर दहावाही तोच चुकवतो. आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांची भर पडली आहे. ती कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या लेखांची नावे, वर्षांसह, मोठ्या आत्मविश्वासाने पुरवतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी दहा टक्क्यांहून अधिक साम्यास शिक्षा ठेवली खरी. पण शब्द जुळवणाऱ्या यंत्राला इंग्रजीतून मराठीत आणलेला दुसऱ्याचा विचार सापडेलच, अशी हमी नाही. शिवाय यंत्र साम्य मोजते, प्रामाणिकपणा नव्हे.

संदर्भ देणे म्हणजे परीक्षकासाठी घातलेला साज नव्हे. वाचकाला मूळ ठिकाणी जाऊन लेखकाचे म्हणणे पडताळता यावे, यासाठी ठेवलेली ती खूण होय. म्हणून पुस्तक हाती असतानाच लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठ टिपून ठेवण्याची सवय लागली पाहिजे. जुन्या पद्धतीची टिपणपत्रे असोत वा ‘झोटेरो’सारखी विनामूल्य संगणकीय सोय असो, नोंद स्वतः करणे हे महत्त्वाचे. ग्रंथ प्रत्यक्ष पाहिला नसल्यास ‘अमुक यांनी उद्धृत केल्यावरून’ असे लिहिण्यात कसलाही कमीपणा नाही.

या कामी सर्व भार विद्यार्थ्यावर टाकणे मात्र अन्यायाचे आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, आणि वाचकाचा वेळ वाचवणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य असल्याचे रंगनाथन यांनी १९३१ मध्येच सांगितले होते. दोन्ही तालुक्यांतील महाविद्यालये आणि वाचनालये यांनी एकत्र येऊन कुलाबा-रायगडच्या शिक्षणविषयक साहित्याची, कपाटातील लघुप्रबंधांसह, एक सूची करावी. विषयाची निवड होण्यापूर्वीच ग्रंथपालांनी संशोधकांना संदर्भशोधाचे चार पाठ द्यावेत. यासाठी मोठ्या निधीची नव्हे, तर निश्चयाची आवश्यकता आहे.

रोह्याशी ज्यांचे नाव निगडित आहे, ते चिंतामणराव देशमुख पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांचे स्मरण अभिमानाने करणाऱ्या या भूमीतील संशोधनाची प्रतिष्ठा प्रबंधांच्या संख्येवर नव्हे, त्यांतील प्रत्येक तळटीप पडताळणीला उतरते की नाही, यावरच ठरणार आहे. कातकरी मुलाच्या शाळागळतीविषयी धोरण आखणारा अधिकारी उद्या याच प्रबंधांचा आधार घेईल. तो आधार पोकळ निघाल्यास त्याची किंमत संशोधकाला नव्हे, त्या मुलाला मोजावी लागेल.