‘दिस म्हणजे हा, ही, हे’ हा तक्ता आता भिंतीवरून काढूया



पहिली-दुसरीच्या वर्गात इंग्रजी शिकवायला सुरुवात केली की आपण सगळेच एक तक्ता लिहितो. दिस म्हणजे हा, ही, हे. दॅट म्हणजे तो, ती, ते. दीज म्हणजे हे, ह्या, ही. दोज म्हणजे ते, त्या, ती. मुलं तो वहीत उतरवतात, सुरात म्हणतात आणि आपल्याला वाटतं, झालं शिकवून! मीही बरीच वर्षं हेच केलं. आज मात्र माझं स्पष्ट मत आहे की सुरुवातीला हा तक्ता देऊच नये. का, ते सांगते.

गेल्या वर्षी दुसरीच्या वर्गात मुलांना घरचा फोटो आणायला सांगितला होता. एक मुलगी पुढे आली, फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “दीज आर माय फादर.” मला हसू आलं, मग वर्गही हसला. ती गप्प जागेवर जाऊन बसली. त्यानंतर कितीतरी दिवस इंग्रजीच्या तासाला तिने तोंड उघडलं नाही.

मग एकदा मी माझाच तक्ता नीट बघितला आणि चूक कुणाची ते कळलं. आपण वडिलांबद्दल काय म्हणतो? “हे माझे बाबा आहेत.” आणि तक्त्यात दीजपुढे पहिलाच शब्द कोणता? हे. त्या मुलीने मी दिलेला नियम अगदी प्रामाणिकपणे पाळला होता. तिला हसणारी मीच चुकले होते.

तुम्हीही तो तक्ता परत एकदा बघा. ‘हे’ दोन्हीकडे आहे: हे फूल आणि हे आंबे. ‘ही’ पण दोन्हीकडे आहे: ही वही आणि ही पुस्तकं. तिकडे ‘ते’ आणि ‘ती’चंही तसंच. मराठीत हे शब्द लिंग बघून बदलतात, वचन बघून बदलतात आणि मोठ्या माणसाला मान द्यायचा तरी बदलतात. इंग्रजीतले हे चार शब्द दोनच गोष्टी विचारतात. जवळ की लांब? एक की अनेक? फूल असो, वही असो, दादा असो, जवळ आहे आणि एक आहे, तर दिस. मग शब्दाला शब्द जोडून हे मुलांना कसं समजणार?

दुसरा घोळ ‘तो’चा. दॅट म्हणजे तो आणि ‘ही’ या इंग्रजी शब्दाचा अर्थही तो. म्हणून मुलं लांबच्या फळ्याकडे बघून “ही इज अ बोर्ड” म्हणतात. मराठीत फळा ‘तो’च असतो ना! मूल विचार करून बोलतंय आणि आपण मात्र लाल पेनाने फुली मारतो.

खरं तर जवळ-लांब हे मुलाला शिकवावं लागतच नाही. शाळेत येण्याआधीच ते “हे नको, ते दे” म्हणत असतं. पाठ्यपुस्तकात मात्र सगळी चित्रं बोटाखालीच असतात. विमानाच्या चित्रावर बोट ठेवलं तरी दिस आणि मांजराच्या चित्रावर ठेवलं तरी दिस! मग दॅट कधी म्हणायचं, हे नुसत्या चित्रावरून मुलाला कळणार कसं? त्यासाठी खरी वस्तू आणि खरं अंतर लागतं.

मी आता काय करते ते सांगते. वर्गात किंवा व्हरांड्यात खडूने एक रेघ मारते. रेघेच्या अलीकडे मुलं, त्यांच्याजवळ एक पेन. पलीकडे चार-पाच पावलांवर एक बाटली. पेनाला हात लावून “दिस इज अ पेन.” लांबच्या बाटलीकडे बोट करून “दॅट इज अ बॉटल.” मग सगळ्यांनी रेघ ओलांडून पलीकडे जायचं. वस्तू तिथेच, पण आता बाटली ‘दिस’ झाली आणि पेन ‘दॅट’! मुलांना याची फार गंमत वाटते. शब्द वस्तूला चिकटलेला नसून बोलणाऱ्याच्या जागेवर ठरतो, हे त्यांना न सांगता कळतं.

दोन-तीन दिवस एवढंच. मग एका पेनाशेजारी आणखी दोन पेनं ठेवायची आणि “दीज आर पेन्स” म्हणायचं. लांब तीन बाटल्या ठेवल्या की “दोज आर बॉटल्स.” इथे दोन गोष्टींकडे लक्ष द्या. अनेकवचनात ‘अ’ येत नाही. “दीज आर अ पेन्स” हे बऱ्याच वह्यांत सापडतं. आणि उच्चार: ‘दिस’ आखूड आणि शेवटी स, ‘दीज’ लांब आणि शेवटी जहाजातला ज, जेवणातला नव्हे. हा फरक कानाला ऐकू आला नाही तर लिहिताना गोंधळ होणारच.

सगळ्यात शेवटी घरचे फोटो. तेव्हा मी मुलांना सरळ सांगते, “बाबा कितीही मोठे असले तरी मोजायला एकच ना? मग दिस इज माय फादर.” मराठीत आपण मान द्यायला अनेकवचन वापरतो, इंग्रजीत तसं करत नाहीत. एवढं एक वाक्य मी त्या दिवशी सांगितलं असतं, तर ती मुलगी गप्प बसली नसती.

काही शिक्षक म्हणतील, एवढा वेळ कुठे आहे? एका वर्गात दोन-दोन इयत्ता असतात. खरं आहे. पण रेघेच्या खेळाला रोज दहा मिनिटं पुरतात आणि दोन्ही इयत्ता एकत्र खेळू शकतात. तक्ता पाठ करून घ्यायला, मग चुका तपासायला आणि परत शिकवायला जो वेळ जातो, तो कोण मोजतो? आणि तक्ता नकोच असंही मी म्हणत नाही. तो शेवटी यावा, मुलांनी स्वतःच्या वाक्यांवरून बनवलेला.

पालकांनाही एक विनंती. आपल्या राज्यात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यामुळे “वहीत काय लिहिलंय दाखव” असं तुम्ही विचारता, ते बरोबरच आहे. पण त्याआधी स्वयंपाकघरात कांदे निवडताना “दीज आर...” एवढंच म्हणून थांबा आणि मुलाला पुढचं म्हणू द्या. चुकलं तर फक्त बरोबर वाक्य तुम्ही म्हणा. पाहुण्यांसमोर उभं करून “म्हण, म्हण” मात्र करू नका.

माझ्या त्या विद्यार्थिनीची मी नंतर वर्गासमोर माफी मागितली. “तू तक्त्याप्रमाणे बरोबर होतीस, माझा तक्ताच अपुरा होता,” असं सांगितलं. थोड्या दिवसांनी रेघेच्या खेळात तिने खिडकीबाहेर बोट केलं आणि हळूच म्हणाली, “दोज आर ट्रीज.” यावेळी कुणी हसलं नाही.

तुमच्या वर्गातलं मूल असं काही ‘चुकीचं’ बोललं, तर फुली मारण्याआधी तेच वाक्य एकदा मराठीत म्हणून बघा. चूक कुठून आली ते लगेच सापडेल.