आकुर्डीतील उद्योगपती

जमनालाल बजाज यांचे नातू राहुल बजाज (१९३८–२०२२) १९६८ मध्ये घराण्याच्या बजाज ऑटोचे प्रमुख झाले आणि मुंबईत न राहता त्यांनी पिंपरी-चिंचवडमधील आकुर्डीच्या कारखान्यालगतच्या वसाहतीतच संसार थाटला. त्या काळी परवाना राज, म्हणजे किती माल काढायचा हे सरकारने ठरवून देण्याची व्यवस्था, असल्याने १९७२ मध्ये आलेल्या चेतक स्कूटरसाठी ग्राहकांना वर्षानुवर्षे थांबावे लागे. या बंधनांवर त्यांनी उघड टीका केली, मात्र १९९१ मध्ये अर्थव्यवस्था खुली झाल्यानंतर परदेशी कंपन्यांशी स्पर्धा करताना देशी उद्योगांना समान संधी मिळावी, असाही आग्रह धरला. त्यांच्याच कारकिर्दीत चाकणला नवा कारखाना उभा राहिला. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक जडणघडणीतील त्यांचा वाटा निर्विवाद आहे.