विश्लेषण : थाई जोडीदारासोबत उपनगरात संसार... लग्नानंतरही तारखांचे गणित चुकवून का चालत नाही?

अंधेरी पूर्वेतील सहारच्या विमानतळावरून बँकॉकला पोहोचायला साधारण चार-साडेचार तास लागतात. २०२४ या एका वर्षात २० लाखांहून अधिक भारतीय थायलंडला जाऊन आले. पर्यटन, नोकरी आणि व्यापाराच्या निमित्ताने ओळखी होतात आणि त्यातल्या काही लग्नापर्यंत जातात. अशा जोडप्याने अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरमध्ये संसार थाटायचे ठरवले, की जेवण आणि भाषा जुळवणे तुलनेने सोपे ठरते. अवघड जाते ते कागदपत्रांचे. कुटुंबासाठी लग्न एकदाच लागते. सरकारदरबारी मात्र ते टिकून आहे हे पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागते. त्यावरच परदेशी जोडीदाराचे भारतातील वास्तव्य अवलंबून असते.

हा विषय आता का महत्त्वाचा?

परदेशी नागरिकांच्या प्रवेश आणि वास्तव्याबाबतचा ‘स्थलांतर आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५’ १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार जुने कायदे त्याने रद्द केले. व्हिसाची मुदत संपल्यावर देशात राहिल्यास किंवा व्हिसाच्या अटी मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. निवासाची सोय करणारे, शिक्षण संस्था आणि रुग्णालये यांनाही परदेशी व्यक्तीची माहिती यंत्रणेला देणे बंधनकारक आहे. भारतीय नागरिकाशी लग्न झाले म्हणून यातून आपोआप सूट मिळत नाही.

लग्न कोणत्या कायद्याने करावे?

भारतात लग्न करायचे असेल तर सर्वात स्पष्ट मार्ग १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा. दोघांपैकी एकाचे संबंधित जिल्ह्यात नोटीस देण्यापूर्वी सलग किमान ३० दिवस वास्तव्य हवे. नोटीस लागल्यावर हरकतींसाठी आणखी ३० दिवस थांबावे लागते. हरकत नसल्यास विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर लग्न होते. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही, तर ती रद्द होऊन सारे पुन्हा सुरू करावे लागते. म्हणजे महिनाभराच्या व्हिसावर येऊन, लग्न करून परतण्याचा बेत बहुतेक वेळा फसतो. नोटिशीचा काळ आधी आणि विमानाची तिकिटे नंतर, हा क्रम पाळलेला बरा.

अंधेरी पश्चिम (के पश्चिम), बोरिवली (आर मध्य), मुलुंड (टी) आणि घाटकोपर (एन) येथील पालिका विभाग कार्यालयांत धार्मिक पद्धतीने झालेल्या लग्नांची नोंदणी होते. विशेष विवाह कायद्याखालील लग्न तिथे लागत नाही, हा फरक अनेकांच्या लक्षात येत नाही. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू असल्याने ‘थाई जोडीदार बौद्ध आहे, मग तोच कायदा का नको’ असाही प्रश्न येतो. मात्र एक पक्ष परदेशी असेल, तर विशेष विवाह कायद्याचे प्रमाणपत्र पुढच्या टप्प्यांवर कमी प्रश्न निर्माण करते.

थायलंडमध्ये लग्न केल्यास भिक्खूंच्या आशीर्वादाने होणाऱ्या समारंभाला कायदेशीर वजन नसते. ‘आम्फो’ म्हणजे जिल्हा कार्यालयात (बँकॉकमध्ये ‘खेत’) नोंदणी झाली तरच विवाह पूर्ण होतो. ते प्रमाणपत्र भारतात वापरायचे तर इंग्रजी भाषांतर, थाई परराष्ट्र मंत्रालयाचे साक्षांकन आणि भारतीय दूतावासाचा शिक्का ही साखळी बँकॉक सोडण्यापूर्वीच पूर्ण करणे सोयीचे. मुंबईत आल्यावर तीच कामे करायला पुन्हा विमान पकडावे लागू शकते.

जन्मवर्ष २५३८ कसे?

थाई कागदपत्रांवर बौद्ध शक वापरला जातो. तो इसवी सनाच्या ५४३ वर्षे पुढे असतो. त्यामुळे १९९५ मध्ये जन्मलेल्या व्यक्तीच्या मूळ जन्मदाखल्यावर २५३८ हे वर्ष दिसते. भाषांतर करताना वजाबाकी एका वर्षाने चुकली, तरी पासपोर्ट आणि दाखला जुळत नाही आणि अर्ज परत येतो.

दुसरी अडचण नावाची. आपल्या अर्जांत स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे आणि आडनाव असे रकाने असतात. थाई नावात सहसा मधले नाव नसते. थाई लिपीतील नाव रोमन अक्षरांत एकाहून अधिक प्रकारे लिहिता येते, त्यामुळे दोन भाषांतरकार एकच नाव दोन प्रकारे लिहू शकतात. शिवाय लग्नानंतर आडनाव बदलायचे की नाही, तसेच ‘नांग’ (श्रीमती) हे संबोधन घ्यायचे की ‘नांगसाव’ (कुमारी) कायम ठेवायचे, हे थाई स्त्री स्वतः ठरवू शकते. उपाय एकच : पासपोर्टवरचे स्पेलिंग प्रमाण मानावे आणि विवाह प्रमाणपत्रापासून वीजबिलापर्यंत तेच वापरावे. नाव बदलायचे असेल तर नवा पासपोर्ट आधी, भारतातले अर्ज नंतर.

व्हिसा कोणता लागतो?

भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदारासाठी ‘एंट्री’ व्हिसातील ‘एक्स-२’ हा प्रकार आहे. भारतात दुसऱ्या व्हिसावर असताना लग्न झाले, तर त्याच्या रूपांतरासाठी ‘ई-एफआरआरओ’ या ऑनलाइन यंत्रणेवर अर्ज करता येतो. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल आणि त्यावर वेगळी अट नसेल, तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात म्हणजे एफआरआरओकडे नोंद करावी लागते. मुंबईचे कार्यालय सीएसएमटीजवळ, सेंट झेवियर्स महाविद्यालयामागे आहे. मात्र बहुतेक कामे ऑनलाइन होतात.

नोकरीचे काय? लग्न झाले म्हणून नोकरीचा हक्क मिळत नाही. थाई भाषा शिकवणे, स्पामध्ये काम करणे किंवा घरून थाई पदार्थांच्या ऑर्डर घेणे, यातले काहीही सुरू करण्यापूर्वी व्हिसावरील अट पाहून एफआरआरओकडून लेखी खुलासा घेणे सुरक्षित. घरगुती वाटणारे कामही व्हिसाच्या अटीचा भंग ठरू शकते.

भाड्याचे घर, आधार, बँक यांचे काय?

महाराष्ट्रात भाड्याचा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे. पुढे पत्त्याचा मुख्य पुरावा म्हणून हाच करार चालतो. त्यामुळे तो एकट्या पतीच्या नावावर न करता दोघांच्या नावावर केल्यास निम्मी कटकट वाचते. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणेही घरमालकाचे काम आहे. चियांग माईहून सासू-सासरे महिनाभरासाठी आले, तर त्यांच्या मुक्कामाची माहिती २४ तासांत ‘फॉर्म सी’द्वारे द्यावी लागते. हा फॉर्म केवळ हॉटेलांसाठी नाही. घरगुती यजमानांनाही ऑनलाइन नोंदणी करता येते.

आधीच्या १२ महिन्यांत भारतात १८२ दिवस किंवा जास्त वास्तव्य झाले असेल, तर परदेशी व्यक्तीला आधार मिळू शकते. मात्र त्याची मुदत व्हिसाइतकीच असते. ओसीआय कार्डधारकांसाठी ती १० वर्षे आहे. व्हिसा वाढला तरी आधार आपोआप वाढत नाही, ते अद्ययावत करावे लागते. पॅनसाठी परदेशी नागरिकांचा अर्ज वेगळा असतो. वाहन परवान्यासाठी अंधेरीकरांना एमएच-०२, बोरिवलीकरांना एमएच-४७, तर घाटकोपर-मुलुंडकरांना वडाळ्याचे एमएच-०३ हे आरटीओ कार्यालय आहे.

ओसीआय कार्ड कधी मिळते?

रोजच्या धावपळीतून खरी सुटका होते ती ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ म्हणजे ओसीआय कार्डाने. विवाह नोंदणीकृत असावा आणि अर्जाच्या लगेच आधी सलग दोन वर्षे टिकलेला असावा, ही नागरिकत्व कायद्यातील अट. त्यामुळे समारंभ आज आणि नोंदणी वर्षभराने केली, तर ती दिरंगाई अंगाशी येऊ शकते. कार्ड मिळण्यापूर्वी सुरक्षा यंत्रणांची मंजुरी लागते. भारतात अर्ज केल्यास शुल्क १५ हजार रुपये आहे.

कार्ड मिळाल्यावर आजीवन व्हिसा मिळतो आणि एफआरआरओ नोंदणीतून सूट मिळते. पण ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे. मतदानाचा हक्क नाही, शेतजमीन खरेदी करता येत नाही, पत्रकारिता किंवा संशोधनासाठी विशेष परवानगी लागते. पूर्ण नागरिकत्वासाठी भारतीय नागरिकाशी विवाह आणि अर्जापूर्वी सात वर्षांचे सर्वसाधारण वास्तव्य लागते. शिवाय भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्याने थाई नागरिकत्वावर पाणी सोडावे लागते.

लग्न मोडले तर?

इथेच सर्वाधिक जोखीम आहे. विवाहाच्या आधारे मिळालेले ओसीआय कार्ड विवाह संपुष्टात आल्यास रद्द होऊ शकते. कलम ७ ड मध्ये तशी तरतूद आहे. जोडीदाराच्या प्रत्येक नव्या पासपोर्टनंतर नवे छायाचित्र, पासपोर्टची प्रत आणि विवाह अद्याप टिकून असल्याचे घोषणापत्र ऑनलाइन अपलोड करावे लागते. दहा-पंधरा वर्षे मुलुंडमध्ये राहिलेल्या, मुलांची शाळा आणि घर इथेच असलेल्या स्त्रीसाठी घटस्फोट हा केवळ पतीपासून वेगळे होण्याचा प्रश्न राहत नाही. देशात राहण्याचा आधारच डळमळतो. नाते त्रासाचे झाले असेल, तर ही भीती तिला गप्प बसवू शकते. म्हणून अशा स्थितीत कौटुंबिक वकिलासोबतच व्हिसा प्रकरणे हाताळणाऱ्या वकिलाचा सल्ला सुरुवातीलाच घ्यावा.

थायलंडमध्ये परस्पर संमतीचा घटस्फोट जिल्हा कार्यालयात दोन साक्षीदारांसमोर नोंदवता येतो. भारतात घटस्फोटासाठी न्यायालयातच जावे लागते. त्यामुळे बँकॉकचा कागद इथे आपोआप ग्राह्य धरला जाईल, असे समजू नये.

वारसा हक्काचाही विचार करावा. विशेष विवाह कायद्याने लग्न झालेले दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील, तर १९७६ च्या दुरुस्तीनुसार त्यांना भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होत नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होतो. फ्लॅट एकाच्या नावावर असेल तर मृत्युपत्र आणि सोसायटीतील नामनिर्देशन दोन्ही वेळेत करावे. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे.

मुलांचे नागरिकत्व कसे ठरते?

३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेल्या मुलाला जन्माने नागरिकत्व मिळण्यासाठी एक पालक भारतीय असणे पुरेसे नाही. दुसरा पालक जन्माच्या वेळी ‘बेकायदा स्थलांतरित’ नसावा लागतो. मुदत संपलेल्या व्हिसावर राहणारी व्यक्तीही या व्याख्येत येते. म्हणजे गरोदरपणाच्या गडबडीत आईचा व्हिसा वाढवायचा राहिला, तर बाळाच्या नागरिकत्वावरच प्रश्नचिन्ह लागू शकते.

मूल थायलंडमध्ये जन्मले, तर वर्षभरात भारतीय दूतावासात नोंद करावी लागते. आई किंवा वडील थाई असल्यास थाई कायद्याने मूल जन्मतः थाई असते. मात्र भारतीय आणि थाई असे दोन्ही पासपोर्ट एकाच वेळी बाळगणे भारतात चालत नाही. थाई पासपोर्ट निवडल्यास मुलाला ओसीआय कार्ड मिळू शकते. मुलगा असेल तर थायलंडमधील वयाच्या २१ व्या वर्षीच्या सक्तीच्या लष्करी भरतीची प्रक्रियाही ध्यानात ठेवावी लागते.

उलट दिशेने गेल्यास?

भारतीय पतीने थायलंडमध्ये राहायचे ठरवले, तर तिथेही वाट सरळ नाही. विवाहाच्या आधारे वर्षभराची मुदतवाढ घेण्यासाठी बँकेत चार लाख बाथ किंवा दरमहा ४० हजार बाथ उत्पन्न दाखवावे लागते. दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो. घरमालकाला परदेशी व्यक्तीच्या आगमनाची माहिती २४ तासांत ‘टीएम ३०’ फॉर्मवर द्यावी लागते, म्हणजे आपल्या ‘फॉर्म सी’सारखेच. परदेशी व्यक्तीला तिथे जमीन विकत घेता येत नाही; इमारतीतील फ्लॅट घेता येतो, तोही एकूण क्षेत्राच्या ४९ टक्के मर्यादेत.

काय लक्षात ठेवावे?

मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये चार तारखा टाकून ठेवाव्यात : व्हिसाची मुदत, विवाह नोंदणीला दोन वर्षे पूर्ण होण्याचा दिवस, पासपोर्टची मुदत आणि आधारची मुदत. प्रत्येकीच्या तीन महिने आधी आठवण लावावी. या तारखा परदेशी जोडीदाराने एकट्याने सांभाळायच्या नसतात. भाषा येणारा आणि कार्यालयांची सवय असलेला भारतीय जोडीदार त्यात चुकला, तर त्याची किंमत मात्र दुसऱ्याला मोजावी लागते.